चारशे... तीनशे... दोनशे

तापीच्या खोऱ्यात आज विमान शिकवलं जातं. शिरपूरच्या धावपट्टीवर एक प्रशिक्षण संस्था आहे. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावरून बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी उडतात. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण-प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ पुढे आणले, त्यात बेळगावच्या जोडीला जळगावचं नाव होतं. इथली मुलं आधी एका इंजिनाच्या छोट्या विमानावर हात बसवतात, परवान्यापुरते २०० तास भरत आणतात आणि मग दोन इंजिनांच्या विमानात बसतात. तिथून पुढची उडी असते ए-३२० ची. नोकरी लागली की बहुतेकांच्या वाट्याला हेच विमान येतं.

त्या मुलांनी, आणि त्यांच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकणाऱ्या आईबापांनी, एक दुपार तासातासाने आणि शेवटी फुटाफुटाने समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. नव्याने विकत घेतलेलं दोन इंजिनांचं विमान, ते शिकत असलेला एक अनुभवी वैमानिक आणि शेजारी त्याला तपासणारा दुसरा अनुभवी वैमानिक. मुंबई ते बंगळुरू, इंडियन एअरलाइन्सचं उड्डाण ६०५. तारीख १४ फेब्रुवारी १९९०, वार बुधवार.

त्याआधीचे महिने

इंडियन एअरलाइन्सने १९८६ मध्ये एअरबस कंपनीशी ए-३२० विमानांचा करार केला. एकूण ३१ विमानं यायची होती. त्या वेळी हे विमान जगात कुठेच प्रवासी घेऊन उडत नव्हतं, त्याची पहिली सेवा सुरू झाली १९८८ मध्ये. भारतात ती १९८९ पासून येऊ लागली. व्हीटी-ईपीएन हे विमान डिसेंबर १९८९ मध्ये ताफ्यात आलं, म्हणजे अपघाताच्या दिवशी ते दोन महिन्यांचंही नव्हतं.

यात नवं काय होतं, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या विमानात वैमानिकाच्या हातातली दांडी तारांनी आणि कप्प्यांनी पंखांच्या पात्यांशी जोडलेली असायची. ए-३२० मध्ये ती जागा संगणकाने घेतली. दांडीच्या जागी बाजूला एक छोटी साइडस्टिक आली. डाव्या आणि उजव्या वैमानिकाच्या साइडस्टिक एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. शेजारच्याने काय केलं हे आपल्या हाताला कळायचं नाही. इंजिनांची ताकद संगणक स्वतः कमीजास्त करायचा, पण थ्रॉटलच्या मुठी मात्र एकाच खाचेत स्थिर राहायच्या. हजारो तास ज्यांनी मुठीच्या हालचालीवरून इंजिनाचा अंदाज घेतला, त्यांच्यासाठी हा फार मोठा बदल होता. इंजिन काय करतंय हे आता हाताला नाही, डोळ्याला विचारायचं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमान एका ‘मोड’मध्ये असायचं. मोड बदलला की त्याच साइडस्टिकचा, त्याच इंजिनाचा अर्थ बदलायचा. कोणता मोड चालू आहे ते समोरच्या पडद्याच्या वरच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहून यायचं.

सकाळी ११.५८, मुंबई

सुमारे तासभर उशिराने विमान मुंबईहून सुटलं. आत १३९ प्रवासी आणि ७ कर्मचारी होते, एकूण १४६ माणसं.

डाव्या खुर्चीत कॅप्टन सिरिल फर्नांडिस होते. एकूण उड्डाणाचा अनुभव ९,००० तासांच्या वर, पण त्यातले ए-३२० वरचे फक्त ६८. या विमानाचा कमांडर म्हणून मान्यता मिळण्यासाठी त्यांना मार्गावरच्या १० चाचण्या द्यायच्या होत्या आणि ही त्यांतली पहिली. उजव्या खुर्चीत, एरवी जिथे सहवैमानिक बसतो तिथे, चेक कॅप्टन सतीश गोपुजकर होते. एकूण १०,००० तासांच्या वर, ए-३२० वरचे २५५.

हे आकडे परत वाचावेत असे आहेत. दोघांनाही नवखं म्हणता येत नाही. दोघांच्या मिळून जवळपास २०,००० तासांत कित्येक पावसाळे गेले असतील. पण या विमानापुरते दोघेही विद्यार्थीच होते. एक पहिल्या इयत्तेत, दुसरा तिसरीत. तिसरीतल्याने पहिलीतल्याची परीक्षा घ्यायची, अशी ती व्यवस्था होती. ताफा नवा असला की सगळ्या देशांत, सगळ्या कंपन्यांत पहिली काही वर्षं अशीच जातात. शिकवणारा शिकणाऱ्याच्या जेमतेम दोन पावलं पुढे असतो.

दुपारी १२.२५

बंगळुरूशी संपर्क झाला. हवा स्वच्छ, दृश्यमानता चांगली. वादळ नाही, धुकं नाही, इंजिनात बिघाड नाही. अपघात म्हटलं की आपण आधी आभाळाकडे बघतो, मग यंत्राकडे. या दुपारी दोन्हींत काही खोट नव्हती. धावपट्टी डोळ्यांनी दिसणार होती आणि दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत ठीक चालू होती.

पावणेएक उलटल्यावर

विमान टप्प्याटप्प्याने खाली येऊ लागलं. तेव्हा बंगळुरूचा विमानतळ म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, शहराच्या पूर्वेकडचा. हा विमानतळ पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर. हा आकडा लक्षात ठेवायला हवा. विमानातली उंची समुद्रसपाटीपासून मोजली जाते. बंगळुरूत तो काटा ३,००० दाखवतो तेव्हा चाकाखाली जेमतेम १०० फूट उरलेले असतात.

धावपट्टी क्रमांक ०९ वर डोळ्यांनी बघून उतरण्याची परवानगी मिळाली. पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरायचं. वाटेत गोल्फचं मैदान, मग कुंपण, मग धावपट्टी.

एकच्या सुमारास

चाकं खाली आली. फ्लॅप लागले. शेवटची तपासणी झाली. ऑटोपायलट काढून कॅप्टन फर्नांडिस हाताने विमान आणत होते, पण इंजिनाची ताकद अजून संगणकाकडे होती. उतरतानाचा ठरलेला वेग होता १३२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २४५ किलोमीटर.

विमान थोडं वर होतं. तेव्हा चेक कॅप्टननी विचारलं की, उतरणं फसल्यास परत वर जाण्यासाठीची उंची लावायची, की उतरण्याचा दर लावायचा. फर्नांडिसनी दर मागितला, मिनिटाला ७०० फूट.

वैमानिकांच्या समोर, काचेच्या खाली, एका पट्टीवर गोल बटणं असतात. एक उंचीचं, त्याच्या शेजारी दुसरं उतरण्याच्या दराचं. दोन्ही बोटांनी फिरवायची. ७०० हा आकडा दराच्या बटणावर लावला तर विमान सावकाश, इंजिनाच्या जोरावर, ठरल्या वेगाने उतरतं. तोच आकडा उंचीच्या बटणावर गेला तर संगणकाला वेगळाच निरोप मिळतो. समुद्रसपाटीपासून ७०० फुटांवर जायचं आहे. म्हणजे बंगळुरूच्या जमिनीच्याही दोन हजार फूट खाली.

असा निरोप मिळाला की संगणक ‘आयडल ओपन डिसेंट’ या मोडमध्ये जातो. इंजिनं अगदी मंद करतो आणि विमानाला नाक खाली घालून उतरू देतो. उंचीवरून लवकर खाली यायला हा मोड उपयोगाचा. धावपट्टीजवळ मात्र तो घातक, कारण त्यात इंजिन ढकलत नाही. वैमानिकाने धावपट्टीच्या रेषेत राहण्यासाठी नाक जरा वर धरलं की वेग गळायला लागतो, आणि संगणक ताकद वाढवत नाही. त्याच्या लेखी आपण अजून ७०० फुटांच्या वाटेवर असतो.

बटणाची ही अदलाबदल झाली असावी, असं अनेक जाणकार मानतात. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र या टप्प्यावर हा मोड नेमका कशामुळे लागला हे निश्चितपणे सांगता येत नाही असं नोंदवलं. मोड लागला होता, ही गोष्ट विमानाच्या नोंदयंत्रावरून स्वच्छ दिसते. मला इथे आयोगाची सावधगिरी पटते. ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांच्या बोटांवर खात्रीने ठपका ठेवणं सोपं असतं. आणि खरी गोष्ट तर यापुढे घडली.

जमिनीपासून ४०० फूट

विमानाचा यांत्रिक आवाज उंची उच्चारू लागतो. चारशे.

याच सुमाराला चेक कॅप्टनच्या लक्षात आलं. त्यांनी फर्नांडिसना बोलून दाखवलं की, आपण इतका वेळ आयडल ओपन डिसेंटमध्ये उतरत आहोत. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात हे वाक्य आहे. म्हणजे कळलं होतं. आता राहिलं होतं थ्रॉटल पुढे ढकलणं, एका हाताचं काम. त्या क्षणी ते झालं असतं तर विमान सुखरूप उतरलं असतं, फार तर एक वळसा घेऊन परत आलं असतं, आणि त्या परीक्षेच्या कागदावर एखादा शेरा पडला असता.

हात हलला नाही.

का, याचा विचार करताना मला दोन खुर्च्या दिसतात. डावीकडचा परीक्षेला बसलेला. तो विमान सांभाळतोय, पण मनाने शेजाऱ्याच्या सूचनेची वाट बघतोय. उजवीकडचा परीक्षक. त्याने चूक दाखवून दिली आणि आता तो बघतोय की समोरचा ती कशी सुधारतो. शिकवण्याची हीच रीत आहे, एरवी चांगलीच रीत. जमिनीपासून चारशे फुटांवर मात्र ती दोघांनाही थांबवून ठेवते. एकाला वाटतं सांगणारा करेल, दुसऱ्याला वाटतं ऐकणारा करेल, आणि दोघांनाही कुठेतरी वाटतं की हे इतकं हुशार यंत्र सांभाळून घेईल.

३०० फूट

त्याऐवजी सुरू झालं एका कळीवर बोलणं. या विमानात दोन्ही वैमानिकांपुढे ‘फ्लाइट डायरेक्टर’ नावाच्या मार्गदर्शक रेषा असतात. दोघांच्याही बंद केल्या की इंजिनाचा संगणक आपोआप वेग राखण्याच्या मोडमध्ये येतो. म्हणजे हा मार्गसुद्धा बरोबर होता. चेक कॅप्टननी त्या बंद करायच्या का विचारलं. फर्नांडिसनी आपली आधीच बंद केल्याचं सांगितलं. त्यावर चेक कॅप्टन म्हणाले की, माझी तर केलेली नाही.

एक चालू राहिली. एक चालू असली तरी मोड बदलत नाही. संगणक इंजिनं मंदच ठेवून बसला.

वेग १३२ वरून खाली चालला होता. तो आकडा दोघांच्याही समोर, पडद्याच्या डाव्या कडेला, सरकत्या पट्टीवर दिसत होता. पण बोलणं कळीबद्दल चालू होतं, आणि माणसाचे डोळे बहुधा त्याच्या बोलण्याच्या मागे जातात.

२०० फूट

यांत्रिक आवाजाने दोनशे म्हटलं. चेक कॅप्टननी विचारलं, ऑटोपायलट अजून चालू आहे का? उत्तर आलं, नाही, बंद आहे.

काहीतरी चुकतंय हे इथे दोघांच्याही अंगाला जाणवलं असणार. खुर्ची टेकते आहे, नाक वर आहे, आणि तरी जमीन जवळ येते आहे. प्रश्न मात्र अजून यंत्राबद्दल होता. यंत्र कोणत्या स्थितीत आहे? विमान किती वेगाने चाललंय, हे विचारण्याची वेळ निघून जात होती.

सुमारे १४० फूट

आपण खाली चाललोय, असं फर्नांडिस म्हणाले. थ्रॉटल पूर्ण पुढे गेले. जवळपास त्याच वेळी विमानाचं स्वतःचं संरक्षणही जागं झालं. वेग धोक्याइतका घटला की इंजिनांना पूर्ण ताकद देणारी एक व्यवस्था ए-३२० मध्ये आहे. माणूस आणि यंत्र एकाच क्षणी भानावर आले.

जेट इंजिन मोटारीच्या ॲक्सिलरेटरसारखं लगेच उसळत नाही. मंद फिरणाऱ्या पंख्यांना पूर्ण वेग धरायला काही सेकंद लागतात. विमानाच्या नियमांत त्यासाठी ८ सेकंदांपर्यंतची मुभा आहे. १४० फुटांवरून कोसळणाऱ्या विमानाकडे तितके सेकंद नसतात. वेग १०६ नॉटपर्यंत घसरला होता, ठरल्या वेगापेक्षा २६ नॉटने कमी.

इंजिनं गरजू लागली होती. आणखी थोडी उंची असती तर विमान उचललं गेलं असतं.

दुपारी १.०३, बंगळुरू

धावपट्टीच्या बरंच अलीकडे, गोल्फच्या मैदानावर चाकं आपटली. विमान उसळलं, झाडांना घासत परत पडलं आणि मैदानाच्या हद्दीवरच्या बांधावर आदळलं. चाकं आणि इंजिनं तिथे तुटून पडली. नाला ओलांडून उरलेला सांगाडा विमानतळाच्या कुंपणाबाहेर थांबला आणि पेटला.

१४६ पैकी ९२ माणसं गेली. दोन्ही कॅप्टन त्यांत होते. ५४ वाचले. फुटलेल्या भागातून आणि दारांतून जे बाहेर पडू शकले ते, बहुतेक. अनेकांचा जीव आपटण्याने नाही, आगीने आणि धुराने घेतला.

त्यानंतर

त्या वेळी विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार होतं आणि आरिफ मोहम्मद खान नागरी विमान वाहतूक मंत्री होते. इंडियन एअरलाइन्सची सगळी ए-३२० विमानं जमिनीवर उतरवण्यात आली. काही महिने ती उभीच राहिली. खरेदीच्या व्यवहारावर वादळ उठलं, प्रकरण सीबीआयकडे गेलं. विमान वाईट की वैमानिक वाईट, अशा दोन बाजू वर्तमानपत्रांत पडल्या. आजही या अपघाताची आठवण निघाली की तोच वाद निघतो.

कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. शिवशंकर भट यांच्या चौकशीने जे संभाव्य कारण दिलं ते मला या वादापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. मोड कळलेला असताना, चारशे, तीनशे, दोनशे असे पुकारे ऐकू येत असताना, वैमानिकांना प्रसंगाचं गांभीर्य जाणवलं नाही आणि त्यांनी थ्रॉटल वेळेत पुढे ढकलले नाहीत. अहवालात ते तिन्ही आकडे नोंदलेले आहेत.

यंत्राची बाजूही निर्दोष नव्हती. दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ एअर इंटरचं ए-३२० डोंगरावर आदळलं आणि ८७ माणसं गेली. तिथेही संशय एका बटणावर आणि एका आकड्यावर आला. ३.३ अंशांचा उतार हवा होता, पण मोड दुसरा असल्यामुळे ३३ या त्याच दोन अंकांचा अर्थ मिनिटाला ३,३०० फूट असा झाला. त्यानंतर पडद्यावर उतरण्याचा दर चार अंकांत दिसेल अशी दुरुस्ती झाली. आज हेच विमान वेग फार घटला की ‘स्पीड, स्पीड, स्पीड’ असं मोठ्याने सांगतं. ए-३२० जगातल्या सगळ्यात जास्त उडणाऱ्या विमानांपैकी एक आहे, आणि त्याच्या सुरक्षिततेत त्या सुरुवातीच्या वर्षांत गेलेल्या माणसांचा वाटा आहे, हे बोलताना जड वाटतं तरी खरं आहे.

शिकवणीतले अपघात मोडचेच असतात असंही नाही. ८ मार्च १९९४ ला दिल्लीत सहारा कंपनीचं बोइंग ७३७ सरावासाठी उडत होतं, प्रवासी नव्हते. दोनपैकी एक इंजिन बंद पडल्याचा सराव चालू होता. अशा वेळी चालू इंजिन विमानाला एका बाजूला फिरवतं आणि पायाने उलट बाजूचा रडर दाबून ते सरळ ठेवायचं असतं. शिकाऊ वैमानिकाचा पाय चुकीच्या बाजूला गेला आणि शिक्षकाला तो वेळेत अडवता आला नाही. विमान कलंडलं आणि ९ जण गेले, त्यात जमिनीवरचेही होते. जळगाव-धुळ्याची जी मुलं छोट्या दोन इंजिनांच्या विमानात हाच सराव करतात, त्यांना हा पाय कुठला ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं लागतं. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा समज तिथेच मोडतो. एक इंजिन गेलं की दुसरं मदत करतं, पण वेग एका मर्यादेखाली गेला तर तेच दुसरं विमानाला उलटं पाडतं.

आणि आपल्याकडेही हे दुःख येऊन गेलं आहे. १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या संस्थेचं छोटं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याला कोसळलं. प्रशिक्षक गेले, विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली. त्या भागातल्या आदिवासी बायाबापड्यांनी लुगड्याची झोळी करून पावसापाण्यातून तिला खाली रस्त्यापर्यंत आणलं. त्या माणसांचे उपकार खान्देशाने विसरू नयेत.

म्हणून प्रवेशाच्या वेळी संस्थेत जाणाऱ्या आईबापांनी फीची रक्कम आणि नोकरीची हमी एवढंच विचारून परत येऊ नये. दोन इंजिनांच्या विमानावरचे तास किती, त्यातले खऱ्या विमानात किती आणि सिम्युलेटरवर किती, हे विचारावं. शिकवणाऱ्याचे स्वतःचे त्याच प्रकारच्या विमानावरचे तास किती, हेही विचारावं, आणि उत्तर आकड्यात मागावं. विद्यार्थ्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. शिक्षक शेजारी बसलेला असताना, परीक्षा चालू असताना, वेग कमी होतोय असं दिसलं तर त्याच्या परवानगीची वाट न बघता थ्रॉटल पुढे ढकलायला तुला शिकवलंय का? ज्या संस्थेत या प्रश्नाला ताबडतोब ‘हो’ असं उत्तर येतं, आणि ते शिक्षकासमोर येतं, तिथे मुलाला घालायला हरकत नाही.